आमची वाटचाल: पाण्याच्या अकरा वह्या

आमच्या कोथरूडच्या ऑफिसात कपाटाच्या वरच्या खणात अकरा वह्या ठेवल्या आहेत. साध्या रेघांच्या, दोनशे पानी, भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. प्रत्येक पानावर तारीख, साजे गावाच्या खाली पाणी किती वाजता आलं, खुणेच्या दगडावर कुठल्या पट्ट्यापर्यंत चढलं, किती राफ्ट म्हणजे फुगवायच्या रबरी बोटी उतरल्या, कोणाची कितवी होती आणि शेवटची राफ्ट खालच्या कामत गावाला किती वाजता लागली. व्यवसायाला इतकी वर्षं झाली, तुम्ही काय कमावलं, असं कोणी विचारलं तर मी या वह्याच पुढे करते. गाड्या, राफ्ट, जॅकेटं झिजतात, बदलतात. वह्या मात्र पहिलीपासूनच्या सगळ्या आहेत.

आम्ही कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालवतो. आता आणखी काही लहान व्यावसायिकांचं परवान्यांचं आणि वेळापत्रकाचं कामही आमच्याकडेच आहे. ऑफिस पुण्यात, नदी रायगडात. मध्ये ताम्हिणी घाट. पहाटे पाचला चांदणी चौकातून बस निघते. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी करत आम्ही खाली उतरतो. आमच्यासोबत आणखी काय उतरतं, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मुळा ही पूर्वेला जाणारी नदी. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. मुळशीला ती अडवली, आणि धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली, सुमारे पाचशे मीटर उतरवून, भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात नेलं. १९२७ पासून तिथे वीज होते. तेच पाणी रावळजेला पुन्हा एकदा वीज करतं आणि मग कुंडलिकेत येतं. तिथून रोहा, रेवदंडा आणि अरबी समुद्र. पुण्याला येऊ शकणारं पाणी कोकणात जातं ते असं. म्हणूनच कुंडलिका मार्च-एप्रिलमध्येही राफ्टिंगला चालते. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्यांत तेव्हा नुसते गोटे दिसतात. पण वीज कधी करायची ते मागणीवर ठरतं, आमच्या बुकिंगवर ठरत नाही. सकाळी पाणी सुटलं की काही तास नदी भरून वाहते, मग उतरते. आमचा सगळा धंदा त्या काही तासांत बसवायचा.

या पाण्याशी माझं नातं धंद्याच्या आधीचं आहे. आजीचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. तिच्या वडिलांची भातखाचरं धरणात गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याच्या गोष्टी आमच्या घरात पुस्तकातून आल्या नाहीत, आजीकडून आल्या. धरणाच्या कडेने गाडी गेली की ती पदर डोक्यावर घेऊन पाण्याकडे बघून हात जोडायची. देवळात जोडतात तसे. एकदा मी विचारलं, कोणाला नमस्कार करतेस? म्हणाली, "आंब्याला. आमच्या खळ्यावर होता." मी नदीवर काम करायला लागले तेव्हा तिने एकच विचारलं होतं: "तिथल्या लोकांना विचारलंस का गं?"

नव्हतं विचारलं. सुरुवातीला आम्ही कोणालाच काही विचारलं नाही.

मी एका कंपनीत हिशेबाचं काम करत होते. धाकटा भाऊ गंगेकाठी हृषीकेशला दोन हंगाम राहून गाईडचं काम शिकून आला. माझे पीएफचे पैसे आणि त्याने साठवलेले, असे मिळून एक वापरलेली चौदा फुटी राफ्ट, नऊ हेल्मेटं, दहा लाइफ जॅकेटं आणि एक थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी) एवढं भांडवल. हिंजवडीच्या ऑफिसांतले ग्रुप आणायचे, सकाळी खाली न्यायचे, संध्याकाळी परत. पहिली दोन वर्षं छान गेली. गर्दी नव्हती, आमच्या आधी एखादी राफ्ट, मागे एखादी. पाच-सहा गावकरी पोरं हाताशी होती, आजही त्यांतली तीन आहेत, आणि आता ती भावापेक्षा सरस गाईड आहेत.

मग गर्दी वाढली. साधारण बारा किलोमीटरचा पट्टा, साजे ते कामत. मुंबई जवळ, पुणे जवळ. रविवारी उतरायच्या जागेवर बसची रांग, माणसांची रांग, राफ्टची रांग. सगळ्यांना पाणी आलं की लगेच उतरायचं असायचं, कारण उशीर झाला की पाणी जाणार. एका राफ्टच्या मागे लगेच दुसरी उतरवली की रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या वेगाच्या पाण्यात, पहिली अडकली तर दुसरी थेट तिच्यावर येते. दोन राफ्टमधलं अंतर हीच या खेळातली मोठी सुरक्षितता आहे, आणि रविवारी नेमकं तेच कोणी पाळत नव्हतं. आम्हीही नाही.

एका रविवारी आमची बस घाटात दरडीमुळे अडकली. पोहोचलो तेव्हा पाणी उतरणीला लागलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, नको." ग्रुप चाळीस जणांचा होता, पैसे परत करायचे तर महिन्याचं भाडं गेलं असतं. मी म्हटलं, सोड. शेवटची राफ्ट अर्ध्या वाटेत दगडांवर बसली. ढकलायला म्हणून एक बाई खाली उतरल्या. पाणी मांडीएवढंच. त्यांचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि पाण्याने त्यांना पुढे झुकवलं.

नदीवर काम करणाऱ्याला हे सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं. खोल पाण्यात जॅकेट माणसाला वर ठेवतं. उथळ, वेगाच्या पाण्यात पाय अडकला तर प्रवाहच माणसाला खाली दाबतो आणि त्याचा उठायचा जोर निरुपयोगी ठरतो. म्हणूनच पडलात तर पाठीवर, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, असं आम्ही किनाऱ्यावर तीन-तीनदा सांगतो. त्या दिवशीही सांगितलं होतं. गाईडने त्यांना खांद्यांखाली धरून डोकं वर ठेवलं, दुसरा पोरगा वरच्या बाजूने आला, पाय सुटला. घोट्याचं हाड मोडलं होतं. बाई वाचल्या. त्यांनी मला कधी एक शब्द सुनावला नाही, त्यामुळे मी त्या दिवसातून अजून सुटलेले नाही. ती राफ्ट मी सोडली होती.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. उतरायच्या जागेजवळच्या एका दगडावर ऑइल पेंटने तीन पट्टे ओढले. खालच्या पट्ट्याच्या खाली पाणी गेलं की राफ्ट सोडायची नाही, मग समोर कोणीही असो. साजेतले एक काका, निवृत्त एसटी कंट्रोलर, रोज सकाळी तिथे येऊन बसायचे. मी त्यांना म्हटलं, काका, एसटी जशी सोडायचात तशा राफ्ट सोडाल का? त्यांनी घरून शिट्टी आणली. आमच्या राफ्ट त्यांच्या शिट्टीवर सुटू लागल्या, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. बाकीचे हसले नाहीत, उलट महिन्याभरात दोन जणांनी विचारलं, आमचाही नंबर लावता का? त्यातून आमचा दुसरा व्यवसाय उभा राहिला. ज्याला गेल्या रविवारी पहिला नंबर, त्याला या रविवारी शेवटचा. वाद झाला तर वही उघडायची.

परवान्यांचं काम याच्यानंतर आलं आणि ते कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात. मला ते आवडतं, मूळची हिशेबनीस आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, विमा, गाईडची प्रथमोपचार आणि बचावाची प्रमाणपत्रं, साहित्याच्या तपासणीची नोंद, पाहुण्यांची नावनिशी यादी. २०१८ मध्ये राज्याने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेचा शासन निर्णय काढला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आलं; जमीन, पाणी, हवा या तिन्हींतल्या उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागू झाली. आमचं ऑफिस एका जिल्ह्यात आणि नदी दुसऱ्यात, त्यामुळे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आमची फाइल सात महिने फिरली. पण मी त्या धोरणाच्या बाजूची आहे. त्याआधी कोणीही दुकानातून फुगवायची बोट आणून स्वतःला राफ्टिंगवाला म्हणवून घ्यायचा. आता निदान विचारता येतं, तुमची नोंदणी दाखवा.

नियम नसले की काय होतं, ते आम्ही गंगेवर पाहिलं. भाऊ शिकला तेव्हा हृषीकेशजवळच्या शिवपुरीच्या वाळूवर तंबूंच्या रांगा असायच्या. डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने कौडियाला ते हृषीकेश पट्ट्यातल्या नदीकाठच्या कॅम्पिंगवर बंदी आणली. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्याला सांगितलं, आधी नियम करा, तोवर राफ्टिंग बंद. आमचा त्या हंगामातला शेवटचा ग्रुप हृषीकेशला निघायच्या तयारीत होता, पैसे परत केले. राग आला होता तेव्हा. आज वाटतं, धंदा करणाऱ्यांनी स्वतःहून किती राफ्ट, किती माणसं याचा आकडा ठरवला असता तर न्यायालयाला ठरवावा लागला नसता.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर, ग्रँड कॅन्यनमध्ये, हा आकडा ठरवलेला आहे. लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंत २२६ मैल, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटर. खाजगी सहलीत जास्तीत जास्त सोळा माणसं. परवाना एका माणसाच्या नावावर, आणि जबाबदारी त्याची. एका माणसाला वर्षातून एकदाच त्या पट्ट्यात जाता येतं. राख, कचरा, माणसाची विष्ठासुद्धा डब्यात भरून बाहेर आणायची. पूर्वी तिथे प्रतीक्षायादी होती आणि ती वाढत वाढत वीस वर्षांच्या पुढे गेली, म्हणून २००६ पासून भारांकित सोडत (वेटेड लॉटरी) काढतात: जो बरीच वर्षं गेला नाही त्याच्या चिठ्ठ्या जास्त. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या वहीत आणि त्यांच्या पद्धतीत मला फारसा फरक दिसला नाही. तिथेही वर धरण आहे, तिथेही पाणी दुसरंच कोणी सोडतं. फरक एवढाच की तिथे नंबर लावायचं काम सरकारचं आहे आणि इथे काकांच्या शिट्टीचं.

आकडा ठरवायचा म्हटलं की लोकांना बंदीच आठवते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी ठिकाणांवर जमावबंदीचे आदेश निघाले. त्या दिवसांत आदेश हवेच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाऊस संपला की आदेश संपतो, आणि पुढच्या जूनमध्ये तीच माणसं, तोच धबधबा. तिथे रोज किती जणांनी जायचं, कोण मोजणार, पाणी वाढलं तर कोण शिट्टी मारणार, हे ठरल्याशिवाय पाटी लावून काही होत नाही. हे मी बैठकांत बोलते. कधी ऐकतात.

आजीचा प्रश्न राहिला होता. तो सोडवायला फार उशीर झाला. कामतच्या अलीकडे एका डोहावर कातकरी बाया मासे धरतात. आमच्या राफ्ट त्यांच्या जाळ्यांवरून जायच्या, आणि वर्षानुवर्षं आम्हाला ते दिसलंही नाही. एक मावशी एकदा फाटलं जाळं घेऊन काकांकडे आली. भांडायला आली नव्हती, एवढंच विचारायला की दुसऱ्या काठाने जाता येईल का. येत होतं. इतकं सोपं होतं की मला त्या रात्री झोप लागली नाही. आता त्या डोहावर सगळ्या राफ्ट डाव्या काठाने जातात, गाणी-आरडाओरडा बंद, आणि प्रत्येक राफ्टमागे ठरलेली रक्कम जाळ्यांच्या दुरुस्तीला जाते. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे. दारू पिऊन आलेल्याला आम्ही उतरवत नाही, चौदा वर्षांखालच्याला घेत नाही, आणि कामतला जेवणात थर्माकोलची ताटं नाहीत. पत्रावळ्या साजेतल्या बचत गटाकडून येतात.

मार्च २०२० ला सगळं थांबलं. दीड वर्ष धड चाललं नाही. एक राफ्ट विकली, कोथरूडची मोठी जागा सोडून आताची एक खोली घेतली. काका मात्र रोज सकाळी दगडापाशी जाऊन पाण्याची वेळ लिहीत राहिले. राफ्टच्या रकान्यात शून्य. ती वही पाचवी.

गेल्या वर्षी काका थकले. आता त्यांची सून शिट्टी घेऊन बसते; तिने पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्या आमदाराचं नाव सांगणाऱ्या ग्रुपला परत पाठवलं, कारण पाणी खालच्या पट्ट्याला टेकलं होतं.

सध्या आम्ही आठ लहान व्यावसायिक मिळून रविवारचा आकडा लेखी ठरवून घ्यायच्या मागे आहोत. सहा जणांच्या सह्या झाल्या आहेत. उरलेले दोघं म्हणतात, दिवाळीनंतर बघू. मी त्यांना वह्या वाचायला दिल्या आहेत, पहिलीपासून. आमच्या पुरता आम्ही आकडा आत्ताच पाळतो. शुक्रवारी संध्याकाळी जागा भरल्या की फोनवर सांगते, रविवार नाही जमणार, मंगळवारी या, नदी मोकळी असते.

शनिवारी एका मुलीने विचारलं, मंगळवारी पाणी असेल ना नक्की? तिला म्हटलं, पहाटे निघताना फोन कर, साजेला विचारून सांगते.