उजेड किती आहे, ते आधी सांगा

नाशकात अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. हॉस्पिटलचं स्टीलचं फर्निचर बनवतो: पलंग, सलाइन स्टँड, ड्रेसिंग ट्रॉली, दारांची हँडलं. कोरोनापासून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ते उजेडात जंतू मारणारं कोटिंग लावून मिळेल का?" सोबत कुणा विक्रेत्याने ठेवलेलं पत्रक असतं. त्यावर ढालीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 99.9 टक्के. मी मेटलर्जीवाली, त्यामुळे पत्रकात काय लिहिलेलं नाही तेच मला आधी दिसतं. कोणता उजेड आणि किती, हे सहसा नसतंच.

मुळातलं विज्ञान पक्कं आहे. पांढऱ्या पेंटमध्ये जी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते, तिचंच अ‍ॅनाटेज नावाचं स्फटिकरूप इथे वापरतात. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं, की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होतं. 1985 मध्ये जपानमध्येच मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने जंतू मारून दाखवले. प्रकाशाने स्फटिकातला इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते, आणि हवेतला ऑक्सिजन व पृष्ठभागावरचा ओलावा यांच्यापासून अतिशय चळवळे रेणू तयार होतात. ते जंतूचं बाहेरचं आवरणच जाळतात. घाव एका ठिकाणी नसून सगळीकडून बसतो, म्हणून औषधांना सरावतात तसं जंतूंना याला सरावणं अवघड जातं. मात्र हे रेणू क्षणभरच टिकतात. जंतू पृष्ठभागाला चिकटलेला हवा. मध्ये तेलकट हाताचा थर असला, तर ते आधी तो थर जाळत बसतात.

अडचण आहे ती उजेडाची. अ‍ॅनाटेजला साधारण 388 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात, म्हणजे अतिनील. उन्हात त्या जेमतेम चार-पाच टक्के. वॉर्डातल्या एलईडी ट्यूबमध्ये जवळजवळ नाहीतच.

एका डॉक्टरांच्या वॉर्डात मी उजेड मोजणारा लक्समीटर घेऊन गेले. गादीवर 180 लक्स. पलंगाच्या कठड्यावर वरच्या बाजूला 140. आणि कठडा धरताना बोटं जिथे वळतात, त्या खालच्या बाजूला 20 सुद्धा नाही. रात्री नऊनंतर सिस्टर मोठे दिवे मालवतात, मग मीटर बोलायचाच बंद होतो. हात सगळ्यात जास्त लागतो तिथे अंधार. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कोटिंग झोपलेलंच राहणार." अगदी तसंच.

दृश्य प्रकाशावर चालणारे प्रकार आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळला की ते निळ्या उजेडातही काम करतं. टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेने 2001 मध्ये ते मांडलं. दुसरा रस्ता मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट अशा रंगांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यावर बरंच काम झालंय, पण ते मुख्यतः सिलिकॉनसारख्या पदार्थांत. रंग उजेडात स्वतःच विटतात, आणि निळा-जांभळा कठडा कुणाला हवाय?

आता आमचा प्रांत, स्टील. थर धातूला घट्ट धरावा आणि त्यात अ‍ॅनाटेज नीट तयार व्हावं म्हणून द्रावणात बुडवलेला जॉब, म्हणजे तो स्टीलचा भाग, साधारण 400 ते 500 अंशांवर भाजतात. आमची पावडर कोटिंगची भट्टी 200 ची. समजा मोठी भट्टी आणली, तरी 304, म्हणजे आम्ही वापरतो ते स्टेनलेस स्टील, त्या तापमानाला पिवळसर-तांबूस पडतं. बफिंग करून आरशासारखं केलेलं हँडल असं निघालं तर पार्टी दारातूनच परत पाठवेल. शिवाय 450 च्या वर जास्त वेळ राहिलं की स्टीलमधला कार्बन गंज रोखणाऱ्या क्रोमियमला ओढून घेतो आणि गंजाला वाट मिळते. त्यात वॉर्डात पुसायला हायपो, म्हणजे क्लोरीनवालं जंतुनाशक. क्लोरीनने 304 ला आधीच बारीक खड्डे पडतात, त्यात ही भर. आणि भाजताना स्टीलमधलं लोह थरात शिरून त्याचा जोर कमी करतं, म्हणून मध्ये सिलिकाचा थर द्यावा लागतो.

मग विक्रेता म्हणतो, आमचं कमी तापमानाचं आहे, फवारा आणि सोडून द्या. तयार अ‍ॅनाटेज कण, त्यांना धरून ठेवणाऱ्या बाइंडरमध्ये. बाइंडरने कण पूर्ण झाकला तर जंतूपर्यंत काही पोचत नाही. बाइंडर सेंद्रिय असेल तर अ‍ॅनाटेज त्यालाच खातं, आणि बोटाला पांढरी पूड लागते. पावडर कोटिंगवर थेट मारलं तरी तोच प्रकार.

एका विक्रेत्याच्या नमुन्यावर मी मिथिलीन ब्लूचे थेंब टाकले (कोटिंग जागं असेल तर ते हा रंगही जाळतं), अर्ध्या भागावर फॉइल दाबली, शेजारी बिनकोटिंगचा पत्रा ठेवला (हा रंग उन्हात आपोआपही थोडा उडतो) आणि शेडबाहेर ठेवून जेवायला गेले. उघड्या भागाचा निळा पार गेला, फॉइलखालचा तसाच, साध्या पत्र्यावरचा किंचित फिका. माल खरा होता. तीच मांडणी ऑफिसातल्या ट्यूबखाली केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तिन्ही निळे.

म्हणून रिपोर्ट मागताना नंबर बघा. आयएसओ 27447 ही अतिनील प्रकाशातली चाचणी, आयएसओ 17094 घरातल्या उजेडातली. वॉर्डासाठी पहिलीचा रिपोर्ट दाखवत असतील तर त्याचा उपयोग नाही. रिपोर्टात अंधारातल्या नमुन्याचा आकडाही बघा. अंधारातही जंतू तितकेच मेले असतील, तर काम दुसरंच काही करतंय, बहुधा आत मिसळलेली चांदी. ती वाईट असं नाही, पण मग पैसे उजेडाचे कशाला द्यायचे? आणि 99.9 टक्के म्हणजे दहा लाखांतले हजार शिल्लक. पुसणं सुटत नाही.

जंतू मारायला पितळेला उजेड लागत नाही, हेही त्या डॉक्टरांना सांगितलं. भरपूर तांबं असलेल्या मिश्रधातूंना अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली. फक्त चमक टिकावी म्हणून दुकानदार वर लॅकर मारतात, तो नको. लॅकरखालचं पितळ जंतूंना लागतच नाही.

त्यांनी शेवटी दारांची हँडलं बिनलॅकरची पितळी घेतली, कठडे साधे 304, इलेक्ट्रोपॉलिश केलेले (रसायनात वीज सोडून गुळगुळीत केलेले), म्हणजे फडकं एका झटक्यात फिरतं. ओपीडीबाहेरच्या व्हरांड्यात बाकांच्या हातांवर दुपारभर ऊन असतं, तिथे मात्र अ‍ॅनाटेज लावतोय, खाली सिलिकाचा थर देऊन. स्टीलवर कमी तापमानाचं कोटिंग लावून 17094 ची चाचणी कुणी करून घेतली असेल, तर आकडे जरूर कळवा. अंधारातल्या नमुन्यासकट.