चिक्कीच्या बोलीवर कळसूबाई

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी कळसूबाईला जाऊन आलो. मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि तिचा मामा. नवराही येणार होता, पण शुक्रवारी दुपारी त्याची कंबर धरली. (आम्ही परतलो तेव्हा ती सुटलेली होती. असो.) मी बँकेत आहे, त्यामुळे दुसरा शनिवार माझ्या हक्काचा. अडचण एवढीच की तो माझ्यासारख्या हजारो जणांच्या हक्काचा असतो, आणि त्यातले बरेचसे कळसूबाईलाच येतात की काय असं शिडीखाली रांगेत उभं राहिल्यावर वाटतं. जमलं तर साधा वार गाठा.

जायचं कसं, ते आधी सांगते. मुंबईकडून कसारा लोकल. कल्याणहून सव्वा तास धरा, आणि संध्याकाळची गाडी असेल तर निम्मा वेळ उभं राहायची तयारी ठेवा. कसाऱ्याहून जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने पायथ्याचं बारी गाव. जीपवाल्याशी जायचं आणि यायचं असं दोन्ही बाजूंचं भाडं आधीच ठरवा. संध्याकाळी दमलेल्या पोराला कडेला बसवून घासाघीस करणं फार केविलवाणं होतं. नाशिकवाल्यांना घोटीपर्यंतचा रस्ता सोपाच आहे.

आम्ही शुक्रवारी रात्री पोचलो आणि गावातच एका घरी उतरलो. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. लेकीने भाकरीचा रंग बघून नाक मुरडलं आणि मग दोन खाल्ल्या. बायकांसाठी एक सरळ सूचना: सकाळी निघण्यापूर्वी या घरीच सगळं उरकून घ्या. वर झाडी विरळ, माणसं दाट आणि सोय कुठेही धरून चालू नये.

सव्वासहाला निघालो. शेतांच्या कडेने वाट जाते, पायथ्याशी देवीचं एक देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते इथेच नारळ फोडतात. जवळच चहाची टपरी होती. तिथल्या आजींनी लेकीला कळसूची गोष्ट सांगितली. मला ती तुकड्यातुकड्यांत माहीत होती. कळसू ही कोळ्याची पोर, पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण बोली करून: सांगाल ते काम करीन, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस पाटलाकडे पाहुणे आले आणि नेमकी तीच दोन कामं तिच्या गळ्यात पडली. तिने ती केली, आणि घर सोडून थेट या डोंगरावर येऊन राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. "बोली मोडली की मानूस ऱ्हात नाय," आजी म्हणाल्या आणि गाळणी झटकली.

लेकीने हे फारच मनावर घेतलं. टपरीवरून निघताना तिने आपली अट घातली: प्रत्येक शिडी संपली की एक चिक्की. मामाने लगेच मान्य केली. शिड्या किती आहेत हे दोघांनीही विचारलं नाही.

महाराष्ट्रातलं हे सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्यापासून अडीच हजार फुटांहून जास्त चढ आहे. वाट अवघड नाही, पण लांबच लांब आणि सतत चढती. कुठे दगडी पायऱ्या, कुठे माती, मध्ये जरा सपाटी, की परत चढ. अन् या डोंगराची एक खोड आहे. समोर दिसतं ते टोक म्हणजे शिखर असं वाटतं, तिथे पोचलो की मागून आणखी एक डोकं वर काढतं. पहिल्या तासात लेकीने "अजून किती?" असं विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "हे टेकाड संपलं की झालंच." तिथे पोचल्यावर तिने पुढचं टेकाड पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि बसकण मारली. दहा मिनिटं हलेना. रडली नाही, ओरडली नाही, गवताची काडी मोडत बसली.

त्यात खोटं बोलणारा मामा एकटाच नव्हता, मीही मान डोलावली होती. रोज संध्याकाळी "पाच मिनिटांत निघतेच" असं घरी फोनवर सांगणारी बाई मी. तिला ही पाच मिनिटं चांगली ओळखीची आहेत. शेवटी मी शेजारी बसले आणि खरं ते सांगितलं: आपण अजून अर्धंही आलेलो नाही, तुझ्या चालीने अडीच तास लागतील, नको असेल तर इथून परत फिरू. तिने थोडा विचार केला. मग विचारलं, "अडीच म्हणजे खरे अडीच?" हो म्हटल्यावर उठली. त्यानंतर दर अर्ध्या तासाने मी घड्याळ बघून उरलेला वेळ सांगत गेले आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही. मुलांना घेऊन येणाऱ्यांना माझा हा पहिला सल्ला, बुटांच्याही आधीचा.

आता बूट. माझे बूट दोन वर्षं माळ्यावर खोक्यात होते. वरून नव्यासारखे. पहिल्या शिडीच्या थोडं आधी उजव्या पायाखाली चपट-चपट आवाज यायला लागला. बघते तर अख्खा तळ टाचेपासून सुटून जबड्यासारखा उघडलेला. वरचा भाग आणि तळ यांच्यामधला फेसासारखा थर बोटाने चुरगळला तर पिवळसर भुगा झाला. न वापरता दमट हवेत ठेवलेल्या बुटांचं असं होतं, आतल्या आत कुजतात आणि बाहेरून कळत नाही. वाटेवर काकडी-सरबत विकणाऱ्या एका मावशींनी खोपटाच्या कुडाला बांधलेली नायलॉनची दोरी सोडून दिली. मामाने ती बुटाखालून दोनदा घेऊन घोट्याभोवती गाठ मारली. दगडावर दोरी झिजते, म्हणून उतरताना दोनदा बदलावी लागली. तर निघायच्या आठवडाभर आधी बूट काढा, तळ हाताने वाकवून बघा, घालून बाजारात फिरून या. आणि दोन हात दोरी पिशवीत टाकाच. मावशींनी दोरीचे पैसे घेतले नाहीत, म्हणून आम्ही काकड्या जरा जास्तच खाल्ल्या.

शिड्या लोखंडी आहेत, दोन्ही बाजूंनी कठडा आहे. पूर्वी लोक साखळ्या धरून चढायचे. घाबरण्यासारखं काही नाही, पण मूल लहान असेल तर मोठ्याने बरोबर मागे, एक पायरी सोडून राहावं. सकाळी ते लोखंड बर्फासारखं गार असतं. लेकीने तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच हात सोडून काखेत घातले, आणि तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. साधे सुती हातमोजे घ्या. केस घट्ट वेणीत बांधा, वारा डोळ्यांवर आणतो. उतरताना मुलांना शिडीकडे तोंड करून, उलटं उतरवा. मागून घाई करणारे तरुण असतात, त्यांना खुशाल थांबू द्या. पावसाळ्यात ह्याच शिड्या निसरड्या होतात आणि वर गर्दी, तेव्हा मुलांना घेऊन येऊच नये असं माझं मत. सप्टेंबरअखेर सोनकी फुललेली असते, ते दिवस चांगले. नवरात्रात यात्रा असते, रीघ लागते.

शिड्या तीन की चार, यावर भाचेबाई आणि मामा यांचं वाजलं. मध्ये एक तोकडी शिडी आहे, मामाच्या मते ती पायरी, तिच्या मते शिडी. शेवटी तिथे बसलेल्या सरबतवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "लोखंडाची हाय ना? मंग शिडीच." चौथी चिक्की गेली.

शेवटच्या शिडीआधी एक विहीर आहे. तिच्या पाण्यावर विसंबू नका. मोठ्यांना दोन लिटर, मुलाला एक, हे खालूनच न्यायचं. वाटेत ताक, सरबत मिळतं, सुट्टे पैसे ठेवा.

साडेदहाला वर पोचलो. माथा छोटा, देऊळ त्याहून छोटं, एका वेळी दोन-चार माणसं कशीबशी आत मावतात. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका रांगेत, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या पलीकडे रतनगड. लेकीला त्या डोंगररांगांपेक्षा देवळात जास्त रस होता. तिने बराच वेळ आत बघितलं आणि हळूच विचारलं, "इथे केर कोण काढतं?" मला उत्तर आलं नाही.

वर फोनला रेंज होती, हे माझं दुर्दैव. सुट्टीच्या दिवशी साहेबांचा निरोप: लॉकरच्या रजिस्टरचं कपाट कोणतं? राज्याच्या सर्वोच्च ठिकाणी दोरीने बांधलेल्या बुटात बसून मी डावीकडून दुसरं असं कळवलं.

उतरायला चार तास लागले, चढायला लागले जवळपास तेवढेच. गुडघे बोलतात, आणि मुलं उतारावर पळायला बघतात, तिथेच पडतात. डिसेंबरात सहाला अंधारून येतं, तेव्हा कितीही रमलात तरी बाराच्या आत माथा सोडा. आम्ही साडेअकराला निघालो, साडेतीनला बारीत होतो. लोकलमध्ये लेक माझ्या मांडीवर झोपली. तिच्या हातांना गंजाचा आणि गुळाचा वास येत होता.

रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी तिला ताट उचलून विसळायला सांगितलं. ती जागची न हलता म्हणाली, "माझी अट आहे. केर आणि भांडी सोडून काहीही सांग." कंबर बरी झालेला तिचा बाबा हसायला लागला. मी त्याचंही ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि बेसिनकडे बोट केलं. म्हटलं, ते बघा थाळेमेळ.