पंधरा ठिपके

मंगळवार, रात्री साडेदहा

प्लेट वाचायला आज संध्याकाळ झाली. एलिस्पॉटची, म्हणजे प्रतिकारपेशींचा प्रतिसाद ठिपक्यांत मोजायच्या चाचणीची, प्लेट पूर्ण सुकल्याशिवाय मी मोजायला घेत नाही. खळग्यांच्या तळाचा पडदा ओला असला की ठिपके पसरट दिसतात आणि डोळा फसतो. शहाण्णव खळगे, तीन ऱ्हीसस माकडांचं रक्त. एक ठिपका म्हणजे एक पेशी: रात्रभरात तिने इंटरफेरॉन-गॅमा हे इशाऱ्याचं प्रथिन सोडलं आणि ती बसली होती तिथेच निळा-जांभळा डाग उमटला. तिघांच्याही नोंदींत लस नाही, आधीचा प्रयोग नाही.

स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या एंटरोटॉक्सिन-बी या विषाचे खळगे नेहमीसारखे काळेकुट्ट. पॉझिटिव्ह कंट्रोल (ठिपके हमखास उमटायलाच हवेत तो खळगा) चालला, एवढं लिहून आपण पुढे सरकतो. आज मात्र मी तिथे रेंगाळले. एरवी एखाद्या प्रथिनाचा तुकडा ओळखणारी टी पेशी (रक्तातली एक प्रतिकारपेशी) दहा हजारांत, कधी लाखात एक. हे विष तुकडे व्हायची वाटच बघत नाही. एका अंगाने टी पेशींना तुकडे दाखवणाऱ्या एमएचसी-दोन रेणूला, दुसऱ्या अंगाने टी पेशीच्या ग्राहीतल्या व्ही-बीटा भागाला ते बाहेरूनच धरतं, आणि शंभरातल्या वीस-वीस पेशी एकदम पेटतात. १९८९ साली मॅरॅक आणि कॅपलर या प्रतिकारशास्त्रज्ञांच्या गटाने अशा विषांना सुपरअँटिजेन म्हटलं. उंदराच्या एमएचसीला ते नीट चिकटत नाही, शिवाय उंदराला उलटी होतच नाही. म्हणून या विषाचा अभ्यास फिरून माकडापाशी येतो.

पण या काळ्या खळग्यातून पेशींची आठवण, म्हणजे विषाशी आधी गाठ पडल्याची खूण, कळत नाही. विषाशी कधी गाठच न पडलेली पेशीसुद्धा तिथे पेटते. आठवण हवी असेल तर त्याच विषाचं निकामी केलेलं रूप लागतं, पकड घेण्याच्या जागा बदललेलं. त्या खळग्यांत दोघांचं जवळपास काही नाही. तिसरीचे मात्र पंधरा ठिपके. तिच्या तिन्ही सारख्या खळग्यांत तेवढेच, एखाददुसरा इकडे-तिकडे. विष न घातलेल्या, नुसत्या पोषक माध्यमाच्या खळग्यात दोन. भिंगाखाली पुन्हा पाहिले: मधे गडद, कडेला विरत गेलेले, खरे ठिपके दिसतात तसेच.

ऱ्हीसस माकडांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस माणसांइतकाच सुखाने नांदतो. थोडं थोडं विष, वर्षानुवर्षं, आजार न होता. तिच्या पेशी तिथेच शिकल्या असतील, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच घाई करायची नाही. निकामी विष ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेलं आहे. सोबत त्याच्या कवचातल्या एंडोटॉक्सिनचा अंश आला असेल तर तोही इतर पेशींना चिथावून ठिपके उमटवू शकतो. आणि प्रतिकारशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१३ साली माणसांत दाखवलेलं विसरून चालणार नाही: ज्या विषाणूंशी कधी संबंध आला नाही, त्यांना ओळखणाऱ्या टी पेशींतल्याही पुष्कळशा आधीच अनुभवी रूपात सापडतात. नवजातांच्या नाळेच्या रक्तात मात्र तशा नव्हत्या. म्हणजे शिकवणारा जिवाणू भलताच कोणी असू शकतो.

धनुर्वाताच्या टॉक्सॉइडचे, म्हणजे लशीतल्या निकामी विषाचे, खळगे तिघांचेही कोरे. जीव तुटतो तो या खळग्यांपाशी. पोर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो बेटावर १९३८ साली भारतातून चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं नेऊन सोडली. मोकळं रान, मोकळे कळप. आणि भांडणातल्या, बाळंतपणातल्या जखमांतून शिरणारा धनुर्वात पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांचे बळी घेत राहिला. इतक्या पिढ्या त्या मातीत वाढूनही संरक्षण काही आलं नाही. येणार कसं? किलोमागे काही नॅनोग्रॅम विष जीव घ्यायला पुरतं, आणि तेवढ्याशा विषाने टी पेशी जाग्याही होत नाहीत. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते, ती याचसाठी. १९८५ मध्ये सगळ्या कळपाला टॉक्सॉइड टोचलं आणि ते मृत्यू थांबले.

या तिघांना लस द्यावी, असं मी वहीत लिहिलं आहे. प्रयोगासाठी नको आहे मला ती. त्यांच्यासाठीच हवी आहे. उद्या पशुवैद्यांशी बोलते.

तिसरीच्या गोठवलेल्या पेशींच्या दोन कुप्या शिल्लक आहेत. एकीतून चुंबकी मण्यांनी सीडी४ पेशी (टी पेशींचा एक गट) काढायच्या, दुसरी तशीच लावायची, आणि एंडोटॉक्सिनचा वेगळा खळगा ठेवायचा. सीडी४ काढल्यावर ठिपके गेले तर त्या पेशींशिवाय ते उमटत नाहीत, एवढं तरी ठरेल. सकाळी आठला वितळवायला घेते.