आईचं झाड बघून आले, डोक्यात मात्र बुंधा

रविवार, रात्रीचे साडेदहा. पाय गरम पाण्याच्या बादलीत टाकून टाइप करतेय. उद्या लॅबचा जिना कसा उतरणार देव जाणे. पण आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर नेहमीसारखं राहून जाईल.

काल पहाटे निघालो, मी, माझी रूममेट (नागपूरची) आणि लॅबमधला एक तैवानी मित्र, गाडी त्याचीच. जायचं होतं स्मांगुसला, डोंगरातलं गाव, तैवानातल्या आमच्याच शिन्चू जिल्ह्यात आहे, नकाशावर बघितलं तर हे काय इथेच, पण शेवटचा रस्ता असा की वरंधा घाट परवडला, समोरून गाडी आली की मागे कोण घेणार यावर नुसती बघाबघी. श्युलुआनच्या पोलीस चौकीवर डोंगरात जायचं परमिट काढलं. मला दोनदा उलटी झाली, त्यावर जास्त लिहीत नाही.

गाव अतायाल आदिवासींचं, साधारण १५०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जरासं खाली. वीज आली १९७९ला, त्याआधी अंधारात असायचं म्हणून 'काळं गाव' असंच नाव पडलं होतं. आणि रस्ता कधी, तर १९९५ला! तोपर्यंत पोरं शाळेला समोरच्या डोंगरावर चालत जायची, दरी उतरायची, पुन्हा चढायची. मी घाटात उलटी झाली म्हणून तोंड पाडून बसले होते ते जरा सरळ केलं.

तिथे भेटल्यावर 'लोका' म्हणतात. बरा राहा, जोर असू दे, असा काहीतरी अर्थ. आम्हा दोघींना 'लोकहो'च ऐकू येत होतं, रूममेट तर शेवटपर्यंत भाषण सुरू केल्यासारखं म्हणत होती.

रात्रीच्या सूपमध्ये माकाव होतं. मिरीएवढे काळे दाणे, रानातल्याच झाडाचे. दाताखाली आला की आधी मिरी, मग लिंबू, मग आल्यासारखं काहीतरी. मला एकदम तिरफळं आठवली, आईच्या बांगड्याच्या आमटीतली. चव तशी नाही हं, पण तोंडाला जे होतं ते तसंच. स्वयंपाकघरातल्या आजींना मी खुणेनेच अजून मागितलं तर हसून वाटीभर वाढलं. २००४ पासून गावातल्या बऱ्याच घरांनी जमीन, राहायच्या खोल्या, जेवणघर सगळं एकत्र केलंय, त्नुनान म्हणतात त्याला, आणि पगार सगळ्यांना सारखाच. म्हणजे सूप करणाऱ्या आजींना आणि हिशोब बघणाऱ्याला तेवढाच. मी मनातल्या मनात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली आणि गप्प बसले.

आज सकाळी ज्यांच्यासाठी आलो त्या जुन्या झाडांकडे. एका बाजूने पाचेक किलोमीटर, फार चढ नाही, पण रात्री पाऊस झाला होता आणि माझे शूज रस्त्यावर चालायचे. बांबूच्या बनात दोनदा बसकण मारली. पुढे धुकं उतरलं आणि मग एकेक सायप्रस दिसायला लागले. सायप्रस म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर नर्सरीतलं कुंडीतलं टोकदार रोपटं यायचं, ते आता बाद.

सगळ्यात मोठं याया कपारुंग. याया म्हणजे आई, कपारुंग म्हणजे तांबडा सायप्रस. घेर २०.५ मीटर, वय अडीच हजार वर्षांच्या वर सांगतात. खरं सांगू, झाड असं दिसतच नाही. समोर एक भिंत असते, शेवाळलेली, उभ्या भेगांची, भेगेत अख्खा पंजा जाईल एवढ्या, आणि त्या भिंतीवर दुसरीच रोपं उगवलेली. वर बघावं तर धुकं. पानं एवढुशी, खवल्यांसारखी, एवढ्या मोठ्या बाईला हे काय नाजूक काम असं वाटलं. फोटो भरपूर काढले, एकातही ती मावत नाही.

येताना मित्राने २००५ची गोष्ट सांगितली. वादळात रस्त्यावर एक झाड पडलं. वनखात्याने खोड कापून नेलं, बुंधा तिथेच ठेवला. गावाच्या बैठकीत ठरलं की तो आणून गावात शोभेला वापरू, म्हणून तिघं तरुण आणायला गेले आणि त्यांच्यावर चोरीची केस! आदिवासींना त्यांच्या भागातलं वनउपज घेऊ देणारा कायदा त्याच वर्षी आलेला, तरी खालच्या कोर्टात शिक्षा, अपिलात कमी झाली पण दोषी ते दोषीच. मात्र गाव लढत राहिलं आणि २०१०ला तिघं निर्दोष सुटले.

रूममेट एकदम थांबलीच. "अगं, हे आमच्या गडचिरोलीतलंच वाटतंय." तिचं आजोळ तिकडचं. मग चालता चालता तिने त्याला मेंढा-लेखाचं सगळं सांगितलं, गोंडांचं गाव, २००९ला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा म्हटल्यावर वाहतुकीचा पास देणार कोण यावर अडलं, बांबू म्हणजे लाकूड की वनउपज यावर वाद, शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा त्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा, ती तिने चिनीत करून सांगितली तर तो इतका हसला, म्हणाला परत सांग, आणि मोबाईलमध्ये लिहून घेतली.

मी मागून ऐकत चालले होते. अडीच हजार वर्षांची ती आई बघायला गेले खरी, पण येताना गावात शिरल्यावर प्रत्येक लाकडी ओंडक्याकडे बघत होते, हाच का तो, हाच का. विचारायला मात्र जीभ रेटली नाही.

पाणी गार झालं. आजींनी पुडीत बांधून दिलेलं माकाव ओट्यावर आहे, रूममेट म्हणतेय उद्या वरणात टाकून बघू. मी म्हटलं वरणात नको, मासे आण.