बुडापेस्टच्या तळघरात संकासुर भेटला

मृण्मयीने हिरवी पट्टी घ्यायला हवी होती.

एस्केप रूमच्या, म्हणजे कोडी सोडवून ठरल्या वेळात बाहेर पडायच्या खेळाच्या काउंटरवरच्या मुलीने मनगटात घालायच्या तीन रंगांच्या पट्ट्या आमच्यापुढे मांडल्या आणि सावकाश समजावून सांगितलं. हिरवी घातलीत तर आत घाबरवणारा नट जवळ येईल, पण हात लावणार नाही. पिवळी घातलीत तर खांद्याला किंवा दंडाला धरेल. लाल घातलीत तर तुम्हाला बाकीच्यांपासून तोडून दुसरीकडे नेईल. ओंकारने झटकन लाल उचलली. अजितने आणि मी पिवळी. मृण्मयीचा हात हिरवीपर्यंत गेला, थबकला, तिने आमच्या तिघांच्या मनगटांकडे एकदा बघितलं आणि पिवळी घेतली. मी ते बघितलं होतं. तेव्हा मी काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ओंकार माझा धाकटा भाऊ. तो आणि मृण्मयी डिसेंबरात दहा दिवस अजितकडे आणि माझ्याकडे बुडापेस्टला आले होते. त्याला एस्केप रूमचं भारी वेड. मुंबई, पुणे, बंगळूर धरून वीसेक खोल्या त्याने सोडवल्या आहेत, त्यामुळे इथलं बुकिंग त्याने विमानाच्या तिकिटापाठोपाठच केलं होतं. तसं कारणही होतं. हा खेळ जन्मला जपानात, २००७ मध्ये क्योतोला, ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ने तो सुरू केला. पण युरोपात तो रुजला तो आमच्या या गावात. २०११ मध्ये अत्तिला द्युर्कोविच यांनी इथल्या एका तळघरात ‘पॅरापार्क’ काढलं आणि मग बघता बघता गावभर अशा खोल्या झाल्या.

तळघरांची इथे ददात नाही. सातव्या विभागातल्या, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतल्या इमारती वर्षानुवर्षं पडीक होत्या. त्यांच्याच अंगणांत मोडक्या खुर्च्या आणि जुने बाथटब मांडून प्रसिद्ध बार उभे राहिले. काझिन्त्सी रस्त्यावरचा ‘सिम्प्ला केर्ट’ २००४ पासून तिथेच आहे. या इमारतींत मी पहिल्यांदा शिरले तेव्हा मला गिरगाव आठवलं होतं. मधे अंगण, चारी बाजूंनी मजल्यामजल्यावर लोखंडी कठड्याची गॅलरी, गॅलरीत उघडणारी घरांची दारं, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी. थेट आपली चाळ. फरक एवढाच की इथे जिन्याखाली आणखी एक जिना असतो, तो विटांच्या कमानीखाली उतरतो, आणि तिथे प्रत्येक बिऱ्हाडाचा लाकडी पट्ट्यांचा एकेक कप्पा असतो. हिवाळ्याचा कोळसा आणि सरपण ठेवायला.

आमची खोली अशाच एका तळघरात होती. तिची गोष्ट मला मनापासून आवडली, कारण ती या गावाची होती. जुन्या बुडापेस्टमध्ये प्रत्येक इमारतीला एक हाझमेश्तेर असायचा. राखणदार म्हणा, पण नुसता राखणदार नव्हे. रात्री फाटकाला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची, हा त्याचा हक्क. त्यानंतर कुणी घरी आलं तर घंटी वाजवून त्याला उठवायचं आणि त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. त्या पैशांना कपुपेन्झ म्हणत, फाटकाचे पैसे. कोण किती वाजता येतं, कुणाबरोबर येतं, कोण आलंच नाही, हे सगळं त्या माणसाला ठाऊक. आमच्या खेळात असाच एक हाझमेश्तेर होता, त्याच्या इमारतीतला एक भाडेकरू बाहेर पडल्याची नोंद होती पण परतल्याची नव्हती, आणि आम्हाला साठ मिनिटांत तो भाडेकरू शोधून वर यायचं होतं.

आत जाण्याआधी अजितने दाराचं विचारलं. तो विजेच्या कामातला माणूस आहे, शिवाय आम्हा दोघांना पोलंडमधल्या कोशालिनची बातमी विसरता येत नाही. ४ जानेवारी २०१९ ला तिथल्या एका एस्केप रूममध्ये वाढदिवसाला गेलेल्या १५ वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. त्यांच्या खोलीबाहेर आग लागली आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर पोलंडभर अशा जागांची तपासणी झाली आणि कित्येक बंद केल्या गेल्या. हे आठवत असताना कुणीही आपल्यावर दार लावून घेऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या मुलीने आम्हाला आत नेऊन दाखवलं. दाराला वर चुंबकाचं कुलूप, शेजारी हिरवं बटण, दाबलं की दार सुटतं. अजितने मला मराठीत सांगितलं, ‘‘हे चुंबक वीज असेपर्यंतच धरतं. वीज गेली की दार आपोआप मोकळं.’’ मग मी सही केली. थांबायचं असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरायचे, दिवे लागतील, असंही तिने करून दाखवलं. फोन आणि कोट कपाटात ठेवले आणि आम्ही उतरलो.

खाली ओल्या विटांचा आणि कोळशाचा वास होता. चौघांत दोन कंदील, तेही मिणमिणते. दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे कप्पे आणि टोकाला एक टेबल. टेबलावर नोंदवही, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या, प्रत्येकीला पितळी बिल्ला आणि त्यावर घराचा नंबर. ओंकार आणि अजित कप्प्यांची कुलपं बघायला लागले. वही माझ्याकडे आली.

वहीचं कोडं फार सुंदर होतं. डाव्या पानावर घर नंबर आणि बाहेर पडल्याची वेळ, उजव्या पानावर परतल्याची वेळ आणि पैसे. पैसे सगळ्यांचे सारखे नव्हते. जितका उशीर तितके जास्त. एका घराच्या नोंदीत पैसे होते पण वेळ नव्हती. म्हणजे तो माणूस परतला होता, पैसेही दिले होते, पण हाझमेश्तेरने वेळ लिहिलीच नाही. पैशांवरून वेळ काढायची होती. मी कंदील पानाला टेकवून बोटाने ओळी मोजत होते आणि मृण्मयी माझ्या खांद्यावरून वाकून आकडे वाचत होती.

तेव्हा किल्ल्यांचा आवाज आला.

लांबून आला. जुडगा चालताना मांडीवर आपटतो तसा. दोन पावलं, छन्. दोन पावलं, छन्. मग थांबला. कुठून येतोय ते कळेना, कारण कमानीखाली आवाज सगळीकडूनच येतो. माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली आणि मी बुडापेस्टमध्ये नव्हतेच. मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माजघरात, सात वर्षांची, कणगीच्या मागे होते.

शिमग्याच्या दिवसांत खेळे घरोघर यायचे. मृदंग, झांजा, आणि त्यांच्याबरोबर संकासुर. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, त्याला लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. पुराणात हा वेद चोरून समुद्रात दडलेला राक्षस, मत्स्यावतारात विष्णूने मारलेला. आमच्याकडे मात्र त्याला नवस बोलतात, बायका तान्ही पोरं त्याच्या पायांवर घालतात. आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नसायचं. आम्हाला फक्त घुंगरू ऐकू यायचे. तो दिसायच्या कितीतरी आधी, बांधापलीकडून, आणि पोरं वाट फुटेल तिकडे पळत सुटायची. ती भीती अर्धीअधिक त्या आवाजातच असायची.

तळघरातला हाझमेश्तेर कप्प्यांच्या पट्ट्यांमागे आला होता. आधी पट्ट्यांमधून सरकणारा काळोख दिसला, मग एक हात, मग टोपी. तो आमच्या टेबलाशी आला आणि अगदी हळू, हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटत त्याने वहीवर बोट ठेवलं. मी जिथे बोट ठेवलं होतं तिथेच. अजित मागे सरकला, ओंकार आनंदाने ओरडला. आणि मृण्मयी गप्प झाली.

मी तिच्याकडे बघितलं तर ती थरथरतही नव्हती. नुसती ताठ उभी होती, दोन्ही मुठी आवळलेल्या, श्वास वरच्या वर. हातांची फुली करायची हे तिला आठवतही नसावं. मी तिचा हात धरायला वळले, पण माझ्याआधी तो वळला होता. तिच्या मनगटात पिवळी पट्टी होती. नियमाप्रमाणे त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. त्याने तिला हात लावला नाही. एक पाऊल मागे घेतलं. डोळे खाली केले. आणि जुडगा सबंध मुठीत दाबून धरला, त्यामुळे आवाज एकदम बंद झाला.

मग वळून त्याने ओंकारची मान पकडली आणि त्याला शेवटच्या कप्प्यात नेऊन कोंडलं. ओंकारच्या आरोळ्यांनी तळघर दणाणलं, आणि त्या गोंधळात मृण्मयीला श्वास घ्यायला पुरता वेळ मिळाला. मी तिला विचारलं, ‘‘बाहेर जायचं का गं? मी येते तुझ्याबरोबर.’’ ती म्हणाली, ‘‘नाही ताई. थांबूया. त्याने बघितलं माझ्याकडे.’’

त्यानंतर तो चार वेळा आला. चारही वेळा आधी किल्ल्या वाजल्या, आणि मृण्मयी असेल त्याच्या दुसऱ्या टोकाने तो शिरला. पाचव्या खेपेला तो तिच्यासमोर आला, पण गुडघ्यावर बसून. हात लांब करून, तळहातावर एक किल्ली. खेळात हाझमेश्तेरकडून किल्ली चोरायची होती, ओंकारने त्यासाठी केवढी योजना आखली होती. ती त्याने मृण्मयीला स्वतः दिली. तिने ती उचलली तेव्हा तिचा हात स्थिर होता. त्या किल्लीने ओंकार सुटला, आणि पन्नासाव्या की एक्कावन्नाव्या मिनिटाला आम्ही भाडेकरूची पेटी उघडली. शेवटची कोडी फार काही नव्हती. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने भिंतीवरचे आकडे वाचणं वगैरे सगळीकडे असतं.

कणगीमागे मी होते त्या वर्षीही असंच झालं होतं. खेळे अंगणात नाचत होते, आणि संकासुर ओटीवरून माजघराच्या दारात आला. मी किंचाळले नाही, माझाही आवाजच गेला होता. त्याने मला बघितलं आणि कमरेच्या घुंगरांवर दोन्ही हात ठेवून ते दाबून धरले. मग उंबऱ्यावर बसला. बसल्यावर मला त्याचे पाय दिसले. उजव्या पायाचा अंगठा कोयतीने तुटून वाकडा झालेला. तो अंगठा मी रोज बघायचे, आमच्या खळ्यात. ते दत्ताकाका होते. मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनीही मुखवटा काढला नाही. पुढच्या वर्षी मी कणगीमागे लपले नाही, पोरांबरोबर पळाले.

मधे एकदा आपल्याकडच्या एका मॉलमधल्या भूतघरात मी मैत्रिणीबरोबर गेले होते. तिथल्या मुलाने तिला मागून धरलं, ती रडायला लागली तरी सोडेना, उलट हसत होता. तिने नंतर कधीही अशा ठिकाणी पाऊल ठेवलं नाही. अंधार, धूर, मुखवटा तिथेही होता. बघणारा माणूस नव्हता.

वर आल्यावर आम्ही कोट घालत होतो तेव्हा तो टोपी काढून बाहेर आला. फार तर पंचवीसचा. गालांवरच्या सुरकुत्या रंगवलेल्या, मानेवर घामाने ओघळलेल्या. घसा बसलेला होता, थर्मासमधून गरम काहीतरी पीत होता. त्याने आधी मृण्मयीला विचारलं, ठीक आहे ना. मग माझ्या मोडक्या हंगेरियनमध्ये मी त्याला विचारलं, तुला कसं कळलं? त्याने स्वतःचे खांदे कानांपर्यंत वर नेऊन दाखवले आणि ओंकारकडे बोट केलं. ओरडणारा माणूस मजेत असतो. खांदे वर जातात आणि तोंड बंद होतं, तिथून मागे फिरायचं. पट्टीचा रंग लोक एकमेकांकडे बघून निवडतात, हेही त्याला ठाऊक होतं. दिवसाला पाच-सहा खेळ करतो म्हणाला. त्याचा पुढचा गट पायऱ्यांवर येऊन थांबला होता.

ट्रामने घरी आलो. मृण्मयीच्या तळहातावर किल्लीचा गंज तसाच होता, तिने तो जेवायला बसेपर्यंत धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं, आणि कणगीची, अंगठ्याची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली. आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

‘‘अगो, दत्ता सोंग चढवायच्या आधी सकाळीच येऊन जायचा की घरोघर,’’ ती म्हणाली. ‘‘चहा घ्यायचा नि विचारायचा, कुणाला ताप आहे काय, कोण पोटुशी आहे काय, यंदा घाबरणारं पोर कुठलं. मीच सांगितला होता त्याला, आमची बाय कणगीमागं बसते म्हणून.’’