डबल टॅप

दुपारी दीड-दोनच्या कल्याण स्लोमध्ये कशी जागा मिळते, हे सकाळी आठच्या लोकांना सांगितलं तर ते बोलणं टाकतील. खिडकी, तीही वाऱ्याच्या बाजूची, आणि समोरचं बाक मोकळं. अशा वेळी एक तर झोप लागते, नाहीतर शेजारच्याच्या मोबाइलमध्ये मान जाते. त्या दिवशी शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. मांडीवर दप्तर, दप्तरावर मोबाइल, मोबाइलवर सबवे सर्फर्स. म्हणजे लोकलमध्ये बसून आम्ही दोघं गाडीच्या टपावरून पळणारा पोरगा बघत होतो.

हा खेळ आला २०१२ मध्ये, थेट डेन्मार्कहून. त्याच्या जगप्रवासात मुंबईही येऊन गेली. आपल्याकडे त्या पळणाऱ्या पोरावर, जेकवर, रेल्वे कायदा १९८९ ची दोन कलमं सहज लागतील, रुळांत घुसल्याबद्दल १४७ आणि टपावर चढल्याबद्दल १५६. तिथे मात्र एक जाडा इन्स्पेक्टर आणि त्याचं कुत्रं, एवढ्यावर भागतं.

मीही खेळतो. आवाज बंद करून, कारण या वयाला ते शोभत नाही असं घरातल्यांचं मत आहे. स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली की जेकच्या पायाखाली हवेत तरंगणारा बोर्ड येतो, तीस सेकंदांसाठी. तेवढ्या वेळात गाडीवर आपटलात तर बोर्ड फुटतो, जेक वाचतो. थोडक्यात विमा. शहाणे लोक तो जपून, अगदी गळ्याशी आल्यावर काढतात. मी मोकळ्या रुळावर काढतो, समोर काही नसताना. कारण बोर्डावर उडी मारली की तो पोरगा हवेत गिरकी घेतो, कोलांटी मारतो, काहीतरी करतो. त्याचा एक गुण जास्त मिळत नाही. कोणी सांगितलेलंही नसतं. मला तेवढ्यासाठीच बोर्ड हवा असतो.

आमच्या लहानपणी सर्फ म्हणजे बादलीतला फेस. लाटेवर उभं राहायचं असतं, हे फार उशिरा कळलं. आमचं पाणी विहिरीतलं. मोट बंद झाली होती, पण धाव, म्हणजे बैलांचा उतार, आणि थारोळं, म्हणजे काठावर मोट रिकामी व्हायची ती जागा, शाबूत होतं. उड्या थारोळ्यावरून. सरळ उडी मारणारा लिंबूटिंबू, सूर मारणारा बरा, आणि मुटका मारणारा राजा. गुडघे पोटाशी घेऊन असं आपटायचं की पाणी काठावर वाळत घातलेल्या काकूच्या चादरीपर्यंत पोचलं पाहिजे. पोचलं की नाही ते काकूच्या शिव्यांवरून ठरायचं. दुसरे पंच नव्हते.

नवशिक्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला असे, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. त्याने बुडत नसे कोणी, पण मुटकाही मारता येत नसे. डबा थाडकन डोक्यात बसायचा. मी दोन उन्हाळे डब्यात काढले. कसरत बघत.

माझा चुलतभाऊ सूर मारताना एक भानगड करायचा. थारोळ्यावरून पाय सुटले की पाण्याला लागायच्या आत काठावर बसलेल्या आजोबांना हात जोडून रामराम घालायचा. सूर त्यामुळे बिघडायचा, पोटावर आपटायचा, लाल व्हायचा. पण रामराम चुकला नाही. आजोबाही गंभीरपणे हात वर करायचे.

२०२४ च्या ऑलिम्पिकमधला ताहितीच्या समुद्रावरचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना ढगांखाली हवेत सरळ उभा, एक बोट वर, शेजारी बोर्डही तसाच उभा. मला आधी वाटलं, हीच ती करामत. तसं नव्हतं. सर्फिंगमध्ये पाच पंच दहापैकी गुण देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकतात, उरलेल्या तिघांची सरासरी घेतात. मेदिनाला ९.९० मिळाले ते लाटेच्या बोगद्यातून निघण्याचे. फोटोतला क्षण त्यानंतरचा, लाट सोडून बाहेर पडतानाचा. त्याचे गुण शून्य. जगभर गेला तो तेवढाच. मी तो फोटो चुलतभावाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. तो आता बँकेत आहे.

"काका, खेळायचंय?"

मुलाने मोबाइल पुढे केला. इतका वेळ मान त्याच्या खांद्यावर होती, त्याला कळणारच. मी घेतला आणि लगेच दोनदा टिचकी मारली.

"अहो, आत्ता कशाला? समोर काही नाहीये!"

मी उडी मारली. गिरकी. परत उडी. वळताना मीसुद्धा बाकावर डावीकडे कलत होतो. ते माझं नेहमीचं आहे, गाडीत पुढच्या सीटवर बसून ब्रेक दाबणाऱ्यांपैकी मी.

"तुम्ही बोर्ड वाया घालवताय, काका."

तीस सेकंद झाले. बोर्ड गेला. पुढच्याच गाडीवर जेक आपटला. मुलाने न बोलता मोबाइल परत घेतला. त्याच्या चेहऱ्यावर काकूची चादर होती.

मुंब्रा गेलं. त्यापुढचं वळण आलं. जून २०२५ मध्ये त्या वळणावर दारातली माणसं खाली पडली. तेव्हापासून तिथे माझं बोलणं आपोआप थांबतं. मुलाने दप्तर पाठीला लावलं आणि दारात जाऊन उभा राहिला. एका हाताने दांडा धरून बाहेर कलला. वाऱ्याने केस उडाले, त्याने डोळे मिटले. चांगलं वाटत असणार.

"आत ये रे!" मी ओरडलो. आवाज भलताच मोठा निघाला. पलीकडे झोपलेला गृहस्थ जागा झाला.

मुलगा एक पाऊल आत आला. "काका, दिवा आलंय," म्हणाला.

गाडी पूर्ण थांबायच्या आधीच उतरला.