हँडब्रेक

कराडमध्ये मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी घेते. गेल्या पावसाळ्यातले हे पेशंट म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय 76. बाथरूममध्ये घसरले, डाव्या खुब्याचं हाड मोडलं आणि बॉल बदलावा लागला. नोकरीची बरीच वर्षं कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट. "डावा पाय क्लचचा हाय मॅडम, त्याला काय बी हुणार न्हाई," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं पालुपद.

सहा आठवडे सगळं छान चाललं होतं, निदान माझ्या वहीत तरी. पलंगाच्या कडेला बसून घोट्याला दोन किलोचा वेट कफ बांधायचा आणि गुडघा सरळ करायचा. असे तीस वेळा, तेही गप्पा मारत. मी तळहाताने नडगी खाली दाबून ताकद बघायचे. पाय जागचा हलायचा नाही, मी पाचपैकी चार-प्लस लिहायचे.

त्या दिवशी मी कफ सोडत होते, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "मॅडम, हितं बसून दोन किलो उचलत्यात. मग संडासातनं उठताना मला का हाक मारत्यात?"

काका भिंतीकडे बघायला लागले. मला चहा गोड लागेना.

मी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आत आणून भिंतीला टेकवून ठेवली. "हात छातीवर घ्या आणि उठा." काका पुढे झुकले, पाठ ताठ केली, मान वर केली. ढुंगण खुर्चीवरून हललं नाही. दुसऱ्यांदा त्यांचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले आणि ते झटक्यात उभे राहिले. सहा आठवडे ते असेच उठत होते. मी समोर बसून बघितलं होतं, पण दिसलं नव्हतं. उठत होते ते खांदे आणि दंड, पायांचा वाटा कमीच.

माझ्या तळहाताची परीक्षाही फसवीच. मांडीचा पुढचा स्नायू इतका दांडगा असतो की त्यातली बरीच ताकद गेली तरी माझ्यासारखीच्या हाताला तो भारीच पडतो. हे कॉलेजात शिकवलेलं. पाठ होतं, वापरलं नव्हतं.

मग मी एक हात मांडीच्या पुढे आणि दुसरा मागे ठेवला. म्हटलं, सावकाश गुडघा सरळ करा. केला. "आता लाथ मारल्यासारखा झटकन." पाय निम्म्यातच अडखळला आणि माझ्या खालच्या हाताला मांडीमागचा स्नायू दोरखंडासारखा ताठ लागला. त्याने त्या क्षणी सैल राहायचं असतं. म्हातारपणी पुष्कळांचं असं होतं, पुढचा ओढतो तेव्हा मागचाही आवळतो. पडण्याची भीती बसलेली असेल तर जास्तच. सांधा घट्ट धरला जातो खरा, पण हालचाल मंदावते आणि दम लवकर लागतो.

मी हे समजावत होते तर काका मधेच म्हणाले, "म्हंजे हँडब्रेक न काढताच गाडी उचलायची."

याहून बरं मला सांगता आलं नसतं.

"आन पिकअप बी गेलाय," ते पुढे म्हणाले. तेही बरोबरच. स्नायूत जलद आणि संथ असे दोन्ही तंतू असतात. वयाबरोबर जास्त बारीक होतात ते जलद. म्हणून वजन सावकाश उचलता येतं, पण खुर्चीतून उठताना, ठेच लागल्यावर पाऊल पुढे टाकताना लागतो तो जोर वेळेवर येत नाही. त्यात ऑपरेशनच्या आधी-नंतरचं झोपून राहणं. 2007 साली अमेरिकेत धडधाकट वयस्क माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं होतं, तर पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं. काकांचा धड समजला जाणारा उजवा पायही त्या हिशेबात आलाच. मी त्याचा व्यायाम घेतच नव्हते.

वेट कफ पिशवीत टाकला. काकूंकडून दोन गोधड्या मागितल्या आणि घडी घालून खुर्चीवर ठेवल्या. बैठक उंच झाल्यावर काका हातांशिवाय उठले. तीनदा. चौथ्यांदा नाही. बॉल बदललेल्याला बुटक्या जागी बसवायचं नसतंच, त्यामुळे उंचीपासून सुरुवात सोयीचीच होती. नियम दोन: उठताना झटकन, बसताना सावकाश. धपकन बसले की मी ओरडायचे. काका म्हणायचे, "कळलं, उतारावर गियर काढायचा न्हाई."

काकूंना वाटायचं, या वयात आता काय अंगाला लागणार. त्यांना मी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या लोकांचं सांगितलं. नव्वदीच्या आसपासची माणसं, आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम, पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. हे 1990 सालचं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी खायला काय देत व्हते?" प्रश्न रास्त होता. काकांच्या ताटात भात आणि पातळ आमटी, ऑपरेशनचं पथ्य म्हणून अंडी बंद. ती त्याच दिवशी सुरू केली.

पंधरा दिवसांनी एक गोधडी निघाली, महिन्याने दुसरी. नुसत्या खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला 16 सेकंद लागले. म्हातारपणी स्नायू किती दुबळे झाले हे ठरवायच्या आपल्या आशियाई निकषात 12 च्या आत यावं लागतं, म्हणजे काका नापासच. पण त्यांना सेकंदांशी देणंघेणं नव्हतं, एसटी चढायची होती. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट लागत नाही, आणि ज्या गाडीत आयुष्य गेलं तिची पहिलीच पायरी आडवी येत होती. मग घराच्या जोत्यावर तालीम. दाराची चौकट धरून, चांगला पाय आधी वर. ओट्याला धरून टाचा उचलणं वेगळं.

दिवाळीनंतर एका सकाळी फोन आला. मागे गाडीचा खडखडाट.

"मॅडम, पाटण आलं. उतरताना आधी कुठला पाय? चढताना उजवा टाकला, आता इसरलो."

"डावा. दांडी सोडू नका."

"डावा," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाले. फोनमध्ये कंडक्टरची एक घंटी वाजली.